रिपोर्टानंतरची आशा

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात एखाद्या गर्भवतीला आपले मूल जगणार नाही हे कळते, तेव्हा ती बहुधा आपल्या गावात नसते. पोटातल्या बाळाचे हृदय, मेंदू, मूत्रपिंडे बारकाईने पाहणारी पाचव्या महिन्याच्या सुमाराची सोनोग्राफी आणि त्यावर नीट बोलणारा तज्ज्ञ हवा असेल, तर अणशी घाट उतरून कारवार, रामनगर-खानापूरमार्गे बेळगाव, हुबळी किंवा अनमोड घाटाने गोवा गाठावा लागतो. काळी नदीच्या खोऱ्यातल्या या जंगलात वस्ती विरळ आहे आणि वाड्या एकमेकींपासून लांब. ती रिपोर्ट घेऊन परतते आणि पुढचे चार महिने तिला पोटातली हालचाल जाणवत राहते. या काळात तिने ख्रिस्तावर श्रद्धा ठेवली, किंवा आधीची कोमट श्रद्धा तिला नव्याने सापडली, तर आपल्यातले विवेकी म्हणवणारे लोक त्याला एक नाव देतात: दुःखावरचे गुंगीचे औषध. मार्क्सने 1844 मध्ये धर्माला अफू म्हटले, तेव्हापासून हा आक्षेप इतका वापरला गेला आहे की तो तपासून पाहायचे कष्ट कोणी घेत नाही. मला तो तपासायचा आहे, कारण माझ्या मते ही आशा तर्काच्या कसोटीला उतरते. फक्त ती नेमकी कशाची आशा आहे हे आधी निश्चित करायला हवे.

ती बाळ बरे होण्याची आशा नव्हे. ‘विश्वास ठेव, रिपोर्ट खोटा ठरेल’ असे सांगणारे उपदेशक या भागातही येतात, इतरत्रही असतात, आणि श्रद्धा नसलेल्या टीकाकारांपेक्षा त्यांनीच या श्रद्धेचे अधिक नुकसान केले आहे. मेंदूचा मोठा भाग आणि कवटीच तयार झाली नसेल तर बाळ जन्मानंतर काही तास, फार तर काही दिवस टिकते. दोन्ही मूत्रपिंडे नसतील तर लघवी होत नाही. गर्भारपणाच्या उत्तरार्धात गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीचेच बनलेले असते, ते नसल्याने फुप्फुसे वाढत नाहीत, आणि नाळ कापल्यावर त्या बाळाला श्वास पुरत नाही. अठराव्या गुणसूत्राची एक प्रत जादा असलेल्या बाळांपैकी दहातली सुमारे नऊ पहिला वाढदिवस पाहत नाहीत. निदान कधी चुकते, म्हणून दुसऱ्या तज्ज्ञाला जरूर विचारावे. पण निदान पक्के झाल्यावर त्यावर प्रार्थनेचा पडदा टाकायला सांगणारा माणूस त्या आईवर एक भयंकर ओझे टाकतो: बाळ गेले तर तिचाच विश्वास कमी पडला, असा त्याचा अर्थ होतो. या शिकवणुकीला शुभवर्तमानात आधार नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः दुःखाचा प्याला दूर होवो अशी प्रार्थना केली आणि तो प्याला दूर झाला नाही. पौलाने आपल्या देहातला काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवले आणि तो निघाला नाही. ज्या धर्माच्या मध्यभागी एका तरुण मुलाचे प्रेत मांडीवर घेतलेली आई आहे, त्या धर्माने ‘श्रद्धावंतांची मुले मरत नाहीत’ असे कधी सांगितलेलेच नाही.

यापेक्षा जुना आणि घराघरांत मुरलेला दुसरा समज असा की कुठेतरी काहीतरी चुकले. ग्रहणात विळी हातात घेतली, मागच्या जन्मीचे भोवले, कुळदेवतेचे राहिले, पायगुण. हा समज फक्त हिंदू घरांत आहे असे मानू नये. ख्रिस्ती घरांतही तो नाव बदलून राहतो आणि देवाची शिक्षा म्हणवतो. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. प्रश्नात दोनच पर्याय आहेत आणि दोन्हींत कोणीतरी दोषी आहे. येशू दोन्ही नाकारतो. मला हा प्रसंग या सगळ्या विषयाचा पाया वाटतो, कारण येथे दुःखितावरचा खटलाच काढून टाकला आहे. गुणसूत्राची जादा प्रत स्त्रीबीज किंवा शुक्रबीज तयार होताना पेशींच्या विभागणीत अपघाताने येते हे आज विज्ञान सांगते. ते सांगण्याच्या कितीतरी आधी श्रद्धेने आईला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढायला हवे होते, आणि जेथे काढले नाही तेथे ती आपल्याच ग्रंथाशी बेइमान राहिली. आरोप नाकारणे म्हणजे प्रतिबंध नाकारणे मात्र नव्हे. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चाचणीने दाखवले की आधी मेंदू किंवा मज्जारज्जू नीट न घडलेले मूल झालेल्या स्त्रियांनी गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेतले तर मज्जारज्जू आणि मेंदूच्या अशा विकृती पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटते. ती गोळी पुढच्या वेळी द्यावीच, पण मागच्या वेळचा ठपका म्हणून देऊ नये.

आता गुंगीच्या औषधाकडे येतो. गुंगीची खूण अशी की ती माणसाला वस्तुस्थितीपासून दूर नेते. मग पाहावे की असाध्य आजाराला सामोरे जाताना ख्रिस्ती श्रद्धेने प्रत्यक्षात काय निर्माण केले. सिसिली साँडर्स ही नर्स, नंतर समाजसेविका, नंतर डॉक्टर झालेली इंग्रज बाई 1945 मध्ये ख्रिस्ती श्रद्धेकडे वळली आणि तिने 1967 मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारले. मरणाऱ्या माणसाच्या वेदनेत शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा हे चारही असतात असे तिने मांडले, आणि दुखणे उसळल्यावर धावण्याऐवजी ते उसळण्याआधीच घड्याळ लावून मॉर्फिन द्यावे ही पद्धत रूढ केली. मुंबईत वांद्र्याला 1986 मध्ये डॉ. एल. जे. डिसोझा यांनी सुरू केलेले शांती आवेदना सदन, हे भारतातले पहिले हॉस्पिस, त्याच परंपरेतले. गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा आहे. बरे होणार नाही हे मान्य केल्याशिवाय ही संपूर्ण वैद्यकी जन्मालाच आली नसती. गर्भातच असाध्य ठरलेल्या बाळांसाठी गेल्या तीन दशकांत जी उपशामक सेवा पाश्चात्त्य देशांत वाढली, तीही याच कबुलीवर उभी आहे: यंत्रावर ठेवायचे नाही, पण ऊब, कुशी, ओठांवर ओलावा आणि वेदनाशामक थेंब कमी पडू द्यायचे नाहीत.

पुरावा म्हणून आणखी एक गोष्ट मांडता येते, आणि ती मी जपून मांडतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये कवटी-मेंदूची वाढ न झाल्याने मूल गमावलेल्या 158 स्त्रिया आणि 109 पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भ पाडलेल्या स्त्रियांपेक्षा तो पुढे वाढवलेल्या स्त्रियांमध्ये निराशा आणि नैराश्य कमी आढळले, आणि उपासनेला नियमित जाणाऱ्यांत शोकाची तीव्रताही कमी दिसली. हा अभ्यास चाबकासारखा वापरणारे वापरतात. ते गैर आहे, कारण कोणाला कोणता मार्ग द्यायचा हे संशोधकांनी ठरवले नव्हते. ज्यांना पाठबळ होते त्यांनीच कदाचित वाट पाहिली असेल. आणि दिलासा मिळाला म्हणून श्रद्धा खरी ठरत नाही. पण ‘असे मूल नऊ महिने वागवणे म्हणजे आईचा निव्वळ छळ, दुसरे काही संभवतच नाही’ हे जे ठामपणे सांगितले जाते, ते मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

याहून खोल आक्षेप तत्त्वज्ञानाचा आहे. पीटर सिंगर यांनी 1979 च्या ‘प्रॅक्टिकल एथिक्स’मध्ये मांडले की स्वतःची जाणीव, भविष्याची इच्छा यांवर व्यक्तीचे मोल ठरते, नवजात बालकाला ती नसते, म्हणून त्याचा जगण्याचा हक्क मोठ्यांच्या हक्कासारखा नाही. युक्तिवाद आतून सुसंगत आहे, आणि तेच त्याचे भय आहे. मोल जर क्षमतेवर असेल तर ते स्मृती गेलेल्या आजीचेही उतरते, आणि ते कुठे थांबवायचे हे ठरवायला त्या तत्त्वात काही उरत नाही. आपण प्रत्यक्षात तसे वागत नाही. दोन तास जगलेल्या बाळाला गुंडाळताना कोणीही त्याच्या जाणिवेची पातळी विचारत नाही. ख्रिस्ती उत्तर असे की माणसाचे मोल त्याच्या अंगच्या गुणात नसून नात्यात आहे: तो कोणाचा तरी आहे, आधी देवाचा. हे नाते पेलायला बाळाला काहीच करून दाखवावे लागत नाही. ‘मोकळी हो, दुसरे होईल’ असे मायेने सांगणाऱ्या शेजारणीला हे कळत नाही की दुसरे होईल ते दुसरेच असेल.

सर्वांत जड आक्षेप इव्हान करामाझोवचा. दोस्तोयेव्हस्कीच्या 1880 मध्ये पूर्ण झालेल्या कादंबरीतले हे पात्र म्हणते की निरपराध बालकाच्या यातनांवर उभ्या राहणाऱ्या स्वर्गाचे तिकीट मी परत करतो. ते लिहिणाऱ्या दोस्तोयेव्हस्कीचा तीन वर्षांचासुद्धा न झालेला मुलगा अल्योशा 1878 च्या मे महिन्यात फेफऱ्याने गेला होता. श्रद्धेच्या बाजूने लिहिणाऱ्या बापाने विरोधकाच्या तोंडी आपले सगळे बळ दिले. इव्हानचा घाव ज्याला लागतो तो माणूस म्हणजे बाळाच्या दुःखाला हेतू चिकटवणारा: ‘देवाला एक फूल हवे होते’, ‘तुमची परीक्षा होती’. अशा वाक्यांविरुद्ध मी इव्हानच्याच बाजूला उभा राहीन. पण लाझाराच्या थडग्याशी येशू रडला, आणि रडला तो त्याला उठवणार हे ठाऊक असताना. पुनरुत्थानाच्या आशेने अश्रू अनावश्यक ठरत असते तर ते त्याचे आधी ठरले असते. म्हणून ‘रडू नको, बाळ देवाकडे गेले’ हे सांत्वन अर्धेच ख्रिस्ती आहे. मृत्यू हा शत्रू आहे असे मानणाराच त्याच्या पराभवाची वाट पाहू शकतो. त्याला सुंदर म्हणणाऱ्याला आशेची गरजच काय?

येथे चर्चनेही आपला हिशेब द्यावा. ऑगस्टीनने बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकांना, सौम्य का होईना, दंड सांगितला. मध्ययुगाने त्यांच्यासाठी स्वर्गाबाहेरच्या ‘लिंबो’ची कल्पना काढली. अनेक ठिकाणी अशा बाळांना पवित्र केलेल्या जमिनीत जागा मिळाली नाही. कित्येक आयांना शोकावर हे दुसरे दुःख पाद्र्यांनी दिले. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाने ही बाळे देवाच्या दयेवर सोपवली आणि 2007 मध्ये आंतरराष्ट्रीय ईशविज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणे असल्याचे सांगितले. उशीर झाला, पण हीच मूळ शिकवणुकीशी जुळणारी दिशा आहे.

श्रद्धेची ही बाजू मांडताना सक्तीची बाजू मी मांडत नाही. 2008 च्या ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भात हृदयदोषाचे निदान झालेल्या एका दांपत्याला गर्भपाताची परवानगी नाकारली. 1971 च्या कायद्याची मर्यादा तेव्हा वीस आठवड्यांची होती. थोड्याच दिवसांत तो गर्भ आपोआप गेला. त्या बाईने वाट पाहिली ती न्यायालयाच्या नकारामुळे. तिला कोणी श्रद्धावान म्हणू नये, कोणी अश्रद्धही म्हणू नये. 2021 च्या दुरुस्तीनंतर वैद्यकीय मंडळाने गंभीर विकृती मान्य केल्यास आठवड्यांची मर्यादा उरलेली नाही. कॅथलिक चर्च गर्भपाताला विरोध करते हे उघड आहे, आणि त्याला तो अधिकार आहे. पण बाळाला ठेव म्हणणाऱ्याने पुढचे चार महिने त्या बाईच्या दारात हजर राहायचे नसेल तर त्याने तो अधिकार गमावला. हेच धर्मांतराच्या आक्षेपालाही उत्तर आहे. आमिष दाखवून केलेल्या धर्मांतराला गुन्हा ठरवणारा कायदा कर्नाटकात 2022 मध्ये झाला, आणि त्यावरचे वाद बाजूला ठेवले तरी मुळातली शंका रास्त आहे: शोकाच्या वेळी माणूस मऊ असतो. सांत्वनाला अट लावणारा, आधी नाव नोंदवा म्हणणारा, ख्रिस्ताच्या नावाने सौदा करतो. मात्र दुःखातली प्रत्येक श्रद्धा फसवणुकीची असते हेही खरे नाही. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो संस्कृत शास्त्रे कोळून प्यालेल्या बुद्धीने, आणि आपल्याच नव्या चर्चमधल्या वडीलधाऱ्यांशी वाद घालत. 1921 मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी तरीही सोडले नाही, आणि पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. याला गुंगी म्हणणाऱ्याने गुंगीची व्याख्या नव्याने करावी.

राहतो जोयड्याचा प्रश्न. येथे इगर्जीत जाणारे थोडे, बहुतेक कोकणी बोलणारे कॅथलिक. बाकी कुणबी, मराठे, शेजारच्या हल्याळ भागात सिद्दी. आशेची परीक्षा प्रवचनात होत नाही, आठव्या महिन्यात होते. बाळंतपण कोठे करायचे, पावसात घाट बंद पडला तर कोणाची जीप, कोठल्या डॉक्टरला आधी सांगून ठेवायचे, श्वास लागला तर बाळाला कोणते औषध किती थेंब, आईच्या उराशी ते किती वेळ राहील, त्याचे नाव काय. फादर वेळेत पोहोचला नाही तर पाणी ओतून बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो, ही चर्चच्या नियमांतलीच तरतूद आहे. ती सुईणीला आणि बापाला आधी माहीत हवी. जागा कोठे खणायची तेही ठरलेले हवे. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी आईला दूध येते. बाळ नाही हे शरीराला कळलेले नसते. छाती दगडासारखी घट्ट होते, दुखते, कपडे भिजतात. हे होणार आहे, त्यावर थंड पट्ट्या आणि औषध आहे, हे तिला बहुधा कोणीच सांगितलेले नसते. त्या दिवसापर्यंत भेटायला येणारे येऊन गेलेले असतात. तेव्हा तिच्या वाडीपर्यंत चालत कोणी जायचे, हे आजच ठरवता येईल.