कापा, पण खोडू नका!

कझिनच्या लग्नातल्या फोटोत तुम्ही झक्कास दिसताय. सूट, स्माइल, लाइट, सगळं परफेक्ट. फक्त मागे बुफेची रांग! आणि जॉबसाठीचं प्रोफाइल आज रात्रीच पाठवायचंय. मग उघडा फोटोशॉप. २०१९च्या अखेरीपासून त्यात ‘रिमूव्ह बॅकग्राउंड’ आहे. एक क्लिक, रांग गायब!

पण थांबा बॉस, केस बघितलेत? खांद्याची कड सॉफ्टवेअर मस्त पकडतं, भुरभुरत्या बटांशी मात्र त्याची गडबड होते. म्हणून इरेझर घेऊन घासत बसू नका. फाइल सेव्ह करून बंद केलीत, की खोडलेलं गेलं ते गेलंच. त्या बटणाने लेयर मास्क तयार झालेला असतो, तो वापरा. मास्कवर काळा ब्रश फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. बटांसाठी ‘सिलेक्ट अँड मास्क’मधला रिफाइन एज ब्रश आहेच. मागे काहीच नको असेल तर पीएनजीत सेव्ह करा, जेपीईजीत ट्रान्सपरन्सी टिकत नाही. फोटोशॉप खिशाला जड जातंय? गिंप फुकट आहे आणि मास्क त्यातही आहे.

आणि हो, ही कलाकारी प्रोफाइलपुरतीच! अमेरिकेच्या व्हिसासाठी बॅकग्राउंड पांढरं किंवा ऑफ-व्हाइट लागतं, पण रूप बदलेल असं एडिटिंग केलेला फोटो चालत नाही. मास्कमध्ये अर्धा कान गेला, तर? त्यापेक्षा गल्लीतला स्टुडिओ गाठा, पांढऱ्या पडद्यासमोर बसा. तिथे कापण्यासारखं काही नसतंच!