अर्धी कॅसेट तुझी, अर्धी माझी

आपल्या कॉलेजात ‘मेटल’ म्हटलं की दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे मेकॅनिकलवाल्यांचा मेटलर्जीचा पेपर. दुसरी म्हणजे हॉस्टेलच्या कोपऱ्यातल्या खोलीतून रात्री अकरानंतर येणारा तो आवाज, जो ऐकून रेक्टर सर दार वाजवतात. मला बोलायचंय ते या दुसऱ्या मेटलबद्दल. त्यातही ब्लॅक मेटलवाल्यांच्या एका जुन्या रीतीबद्दल. तिचं नाव स्प्लिट कॅसेट.

स्प्लिट म्हणजे दोन बँड आणि एक कॅसेट. ‘ए’ बाजू एकाची, ‘बी’ बाजू दुसऱ्याची. खर्च निम्मा, आणि एकाचे श्रोते आपोआप दुसऱ्यालाही मिळतात. बेलारूससारख्या देशात साधा जाहीर कार्यक्रम करायचा तरी सरकारी परवानगी लागते. तिथल्या अंडरग्राउंड बँडला मोठी कंपनी कशाला विचारेल? मग दोघं मिळून थोड्याच कॅसेट काढतात आणि त्या हातोहात फिरतात. टेपची खरखर या संगीतात खपून जाते. खरं तर शोभतेच!

हे फक्त युरोपात चालतं असं नाही. मुंबईच्या ‘अल्बाट्रॉस’ने २०१२ साली ‘व्हेस्टल क्लॅरेट’ या अमेरिकन बँडबरोबर ‘द किसिंग फ्लाइज’ नावाचं स्प्लिट काढलं. संगीत ब्लॅक मेटल नव्हे, पण रीत तीच. समुद्रापलीकडच्या बँडला अर्धी जागा द्यायची आणि त्याच्याकडून अर्धे श्रोते घ्यायचे. नॉर्वेच्या ‘एम्परर’ आणि ‘एन्स्लेव्ड’ची गाणीही १९९३ साली अशीच एकत्र आली होती. पुढे दोघंही खूप मोठे झाले.

आता थोडं इंजिनिअरिंग. कॅसेटची टेप ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने पळते. म्हणजे ३० मिनिटांच्या बाजूला साधारण ८६ मीटर टेप लागते. पण ‘बी’ बाजूसाठी वेगळी टेप नसते! त्याच टेपच्या रुंदीचा अर्धा पट्टा एका बाजूला आणि उरलेला अर्धा दुसऱ्या बाजूला, उलट्या दिशेने. म्हणून ‘ए’ जिथे संपते तिथेच ‘बी’ सुरू होते. आणि प्लेअरचं हेड जरासं सरकलं, तर एकाच्या गाण्यामागे दुसऱ्याचं गाणं उलटं, पुसट ऐकू येतं.

माझा मुद्दा नेमका इथेच आहे. अर्धी टेप दुसऱ्याला देणं म्हणजे नुसती काटकसर नाही. ती हमी आहे. “माझं ऐकायला आलात ना, आता यांचंही ऐका,” असं तुम्ही श्रोत्याला सांगता. मग ‘यांचं’ म्हणजे कुणाचं, हे आधी बघायला नको का?

ब्लॅक मेटलच्या बाबतीत हा प्रश्न पुस्तकी नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत चर्च जाळली गेली. ‘बर्झम’च्या एकमेव सदस्याला १९९४ साली खून आणि जाळपोळीसाठी २१ वर्षांची शिक्षा झाली. काही बँड तर आजही उघडपणे नाझी विचार गातात. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, चॅपलच्या घंटेवर आमचा दिवस सुरू व्हायचा. तरीही देवाला, धर्माला प्रश्न विचारणारं गाणं मला चालतं, अगदी चिडून विचारलं तरी. पण लोक जिथे हात जोडतात ती जागा पेटवणं, किंवा एखादी जातजमात जगायलाच लायक नाही असं म्हणणं, याला बंड कसं म्हणायचं?

काही मित्र म्हणतात, “अगं, त्या आरडाओरडीत शब्द कुणाला कळतात? रिफ ऐक आणि सोडून दे.” श्रोत्यापुरतं हे एकवेळ मान्य करू. पण बँडला ही सूट नाही, कारण टेप वाटून घेताना शेजारी त्याने स्वतः निवडलेला असतो. आणि म्हणून सगळ्याच मेटलवर फुली मारा, असंही नाही. मुंबईच्याच ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ने २०१७ साली ‘दशावतार’ नावाचा अल्बम काढला, विष्णूच्या दहा अवतारांवर. घसा फाडून गाणं ही शैली आहे, विचारसरणी नव्हे.

शेजारी आपल्याच मताचा हवा असंही मी म्हणत नाही. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे शाहीर काय करत आले? कलगीवाले शक्तीला थोर म्हणणार, तुरेवाले शिवाला. रात्रभर एकमेकांना कोड्यात पकडणार, टोमणे मारणार, पण समोरच्याची पाळी आली की जागा सोडणार. विरोध असावा तर असा! समोरच्याने गाऊच नये, असूच नये, असं म्हणणाऱ्याला मात्र अर्धी टेप देऊ नये. माझी रेघ तिथे आहे.

आता घरचं बोलू. गॅदरिंगच्या पंधरा मिनिटांच्या स्लॉटसाठी आपल्याकडे दोन बँड भांडतात, आणि स्वतःचं रेकॉर्डिंग दोघांनाही परवडत नाही. आपण राहतो त्या भागाचं नावच जुळे सोलापूर. जुळ्यांना भावंड निवडता येत नाही, बँडला मात्र जोडीदार निवडता येतो. तेव्हा दोघांनी मिळून एक स्प्लिट काढा की! कॅसेट नसेल जमत तर एकच फाइल, दोन भाग. फक्त त्याआधी एक संध्याकाळ मेसमध्ये समोरासमोर बसा, एकमेकांच्या गाण्यांचे शब्द मोठ्याने वाचा, आणि दुसऱ्याच्या कागदाखाली आपली सही करता येते का ते बघा. सही झाली, तर पहिली कॉपी माझ्यासाठी ठेवा. पैसे देऊन घेईन, फुकट नको.