तिसरी घंटा होण्याआधी

पावसाळा सरला की मुंबईत नाटकांचा हंगाम रंगात येतो. जुहूच्या पृथ्वी थिएटरचा महोत्सव साधारणपणे नोव्हेंबरात असतो, आणि त्याआधीच शहरातल्या नाटकवेड्यांच्या मोबाइलवर याद्या फिरू लागतात. कोणतं नाटक कधी, गाण्याची मैफल कुठल्या दिवशी, नृत्य कुठल्या दिवशी. आपल्या ग्रुपवर मात्र ही यादी कधी येत नाही. तिथे शिष्यवृत्तीचे फॉर्म येतात, रक्तदान शिबिराचे निरोप येतात, मतदार यादीत नाव तपासा अशी आठवण येते. हे सगळं यायलाच हवं. पण या वेळी मी येत्या हंगामाची यादीही टाकली.

तासाभरात तीन उत्तरं आली. एकाने अंगठा दाखवला. दुसऱ्याने लिहिलं, "भाई, ये अपने लिए नहीं है." तिसरं उत्तर ग्रुपवर नव्हतं, मला एकट्याला आलं. मुंब्र्यात राहणारी, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. तिने लिहिलं होतं, "घरून सोडणार नाहीत सर. पण तिकीट केवढ्याला असतं?"

आजचं हे संपादकीय तिच्या त्या 'पण'साठी लिहितो आहे.

आधी दुसऱ्या उत्तराकडे वळतो. 'ये अपने लिए नहीं है.' ज्या जागेबद्दल हे म्हटलं गेलं, तिचा इतिहास थोडा माहीत असायला हवा. पेशावरकडून मुंबईत आलेल्या पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये 'पृथ्वी थिएटर्स' ही फिरती नाटक मंडळी काढली. देश फाळणीच्या तोंडावर होता. १९४५ साली त्यांनी 'दीवार' केलं. एका घरात भिंत उभी राहते आणि भाऊ वेगळे होतात, असं ते नाटक. १९४७ मध्ये 'पठाण' आलं. त्यातला पठाण आपल्या हिंदू मित्राच्या मुलाचा जीव वाचवण्यासाठी स्वतःच्या मुलाचं बलिदान देतो. त्या वर्षी रस्त्यावर काय चाललं होतं ते आपल्याला आजी-आजोबांकडून ऐकून माहीत आहे. त्याच वर्षी हे नाटक गावोगाव होत होतं. प्रयोग संपला की पृथ्वीराज स्वतः दारात झोळी पसरून, मान खाली घालून उभे राहत. त्यात पडलेले पैसे गरजूंसाठी जात.

आता त्या मंडळीत कोण होतं ते बघा. जोहरा सेहगल. रामपूरच्या पठाण घराण्यातली, पर्दा पाळणाऱ्या घरातली मुलगी. ती जर्मनीत जाऊन आधुनिक नृत्य शिकली, उदय शंकर यांच्या मंडळीबरोबर जगभर नाचली आणि १९४५ पासून पृथ्वी थिएटर्समध्ये नृत्यदिग्दर्शक आणि अभिनेत्री म्हणून चौदा वर्षं राहिली. तिची धाकटी बहीण उजरा तिथे नायिकेच्या भूमिका करत असे. शौकत आझमी हैदराबादहून लग्न करून मुंबईत आल्या. त्याही या मंडळीत होत्या आणि लहानग्या शबानाला सोबत घेऊन दौऱ्यांवर जात. म्हणजे पाऊणशे वर्षांपूर्वी मुसलमान बायका पोटासाठी आणि हौसेसाठी नाटक करत होत्या, रेल्वेच्या डब्यांतून गावं पालथी घालत होत्या. घरच्यांचा विरोध त्यांनाही झाला असेलच. आपण आज ज्या दारात अडखळतो, त्या दारातून त्या कधीच आत गेल्या होत्या.

फिरती मंडळी १९६० मध्ये बंद पडली. मग ५ नोव्हेंबर १९७८ रोजी शशी कपूर आणि जेनिफर केंडल यांनी जुहूच्या जानकी कुटीरमध्ये आजचं पृथ्वी थिएटर उभं केलं. त्याच जानकी कुटीरमध्ये कैफी आझमी यांचं घर होतं. या रंगमंचावर पहिलं नाटक झालं ते 'उद्ध्वस्त धर्मशाळा'. लेखक मराठी, गो. पु. देशपांडे. प्रयोग हिंदीत. भूमिका करणाऱ्यांत नसीरुद्दीन शाह, ओम पुरी. एका मराठी माणसाचं लिखाण आणि एका मुसलमान नटाचा आवाज, यांनी त्या जागेचा पहिला पडदा उघडला. पुढच्याच वर्षी नसीर यांनी मित्रांबरोबर 'मोटली' ही संस्था काढली. 'इस्मत आपा के नाम'मध्ये याच संस्थेने इस्मत चुगताई यांच्या कथा रंगमंचावर आणल्या. जेनिफर यांच्या निधनानंतर झाकीर हुसेन यांनी अनेक वर्षं फेब्रुवारीच्या अखेरीस, त्यांच्या वाढदिवशी, याच छोट्या थिएटरात त्यांच्या आठवणीसाठी तबला वाजवला.

नाट्य, नृत्य, संगीत, तिन्हींत आपली नावं आहेत. तरी मी इथे थांबणार नाही. कारण पूर्वजांची नावं मोजत बसण्यात एक धोका असतो. 'आमचे उस्ताद, आमचे शायर' म्हणत आपण छाती फुगवतो आणि स्वतः मात्र त्यांच्या मैफलीला कधी गेलेलो नसतो. पोस्टरवर आपण आहोत, खुर्चीत नाही. मला काळजी आहे ती रिकाम्या खुर्चीची.

ती रिकामी का राहते? तीन कारणं मला दिसतात, आणि तिन्ही खरी आहेत.

पहिलं कारण दीनचं. गाणं-बजावणं जायज की नाजायज, यावर उलेमांमध्ये शतकानुशतकं मतभेद आहेत. मी आलिम नाही, फतवा देणं माझं काम नाही. ज्याला मनापासून वाटतं की हे टाळावं, त्याचा मी आदर करतो. पण आपण आपल्याच घरात जरा प्रामाणिकपणे पाहू या. ज्या घरात रात्री बारापर्यंत मालिका चालतात, तरुण पोरं उशीखाली मोबाइल घेऊन रील्स बघतात, त्या घरात नाटकाचं नाव काढल्यावरच अचानक संगीताचा मसला का निघतो? बहुतेक वेळा हरकत संगीताला नसतेच. हरकत असते मुलीने रात्री साडेनऊला लोकलमध्ये असण्याला. तसं असेल तर तसं बोलावं. अम्मी-अब्बांची भीती खरी असते, आणि खऱ्या भीतीवर बोलून मार्ग निघतो. तिला दीनचं नाव दिलं की बोलणंच संपतं.

दुसरं कारण पैसा आणि अंतर. तिकीट काही शे रुपयांचं. चौघांनी मोहम्मद अली रोडवर एक संध्याकाळ काढली तर तेवढे जातातच. पण मुंब्र्याहून जुहू म्हणजे लोकल बदलून, पार्ल्याला उतरून रिक्षा. जायला दोन तास, यायला दोन तास. ज्याची सकाळची शिफ्ट आहे त्याला हे परवडत नाही, हे मान्य. त्याला मी उपदेश करणार नाही.

तिसरं कारण मात्र कुणी उघड बोलत नाही. तिथे गेल्यावर आपण परके वाटू, ही धाकधूक. तिला आधार आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या चुलतबहिणीला मुंबईच्याच एका नाट्यगृहात मराठी नाटकाला नेलं. ती हिजाब घालते. पहिली घंटा झाल्यावर शेजारच्या बाईंनी तिला अगदी प्रेमाने विचारलं, "तुम्हाला मराठी समजतं का हो?" बहीण रत्नागिरीची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. ती म्हणाली, "समजतं की. तुमचं गाव कुठलं?" मध्यंतरात दोघींनी बटाटेवडा अर्धा अर्धा खाल्ला. घरी येताना बहीण हसत होती, पण ठाण्याच्या पुढे गाडी गेल्यावर म्हणाली, "भाईजान, आपण जात नाही ना, म्हणून विचारतात." मला वाटलं होतं ती चिडेल. तिने दोष अर्धा अर्धा वाटून घेतला होता, वड्यासारखाच.

तिच्या त्या वाक्याचा मी अनेकदा विचार करतो. त्या बाईंनी आयुष्यभरात जी मराठी नाटकं पाहिली असतील, त्यांत मुसलमान कसा आला असेल? मी जी पाहिली त्यांत तो बहुतेक मोडक्या हिंदीत बोलतो, सुरमा घालतो आणि दोन प्रवेशांत निघून जातो. कोकणातल्या मुसलमान घरांत जी बोली बोलतात, सांगली-सोलापूरच्या मोहल्ल्यांत 'कायकू' आणि 'नक्को'ची जी दखनी चालते, ती रंगमंचावर मी जवळजवळ ऐकलेलीच नाही. बागवान, तांबोळी, मुलाणी, अत्तार, मोमीन यांच्या घरातली भांडणं, लग्नं, वाटण्या, थट्टा नाटकात कुठे आहेत? इस्मत आपांच्या कथांमुळे उत्तरेकडच्या मुसलमान घराचा आतला दरवाजा रंगमंचावर उघडला. महाराष्ट्रातल्या मुसलमान घराचा दरवाजा तसा उघडायचा राहिला आहे, आणि तो बाहेरून कुणी येऊन उघडणार नाही.

आपल्याकडे हे कधी झालंच नाही असंही नाही. बार्शीत १९१६ साली जन्मलेला मेहबूब हुसेन पटेल शाहीर अमर शेख झाला. अण्णाभाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभं केलं आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच्या आवाजाने मैदानं हलवली. त्याला ऐकायला आलेल्या गिरणी कामगारांनी त्याला कधी विचारलं नसेल, मराठी समजतं का. तो त्यांना मराठी ऐकवत होता.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. या हंगामात एक तरी प्रयोग बघा. आणि फक्त आपल्याबद्दलचा नको. उर्दू कथांचा प्रयोग असेल तर जरूर बघा, पण एखादं दलित वस्तीतलं, एखादं गुजराती घरातलं, एखादं न कळणाऱ्या देशातलं नाटकही बघा. आपलं दुःख लोकांनी समजून घ्यावं असं आपल्याला वाटतं. मग दीड तास अंधारात बसून दुसऱ्याचं दुःख ऐकण्याची सवय आपल्यालाही लागायला हवी.

काही कामाच्या गोष्टी सांगतो. पृथ्वीत प्रयोग वेळेवर सुरू होतो आणि उशिरा आलेल्याला आत सोडत नाहीत, म्हणून हातात अर्धा तास ठेवा. जागा सुमारे दोनशे लोकांची, रंगमंचाला तीन बाजूंनी खेटून बसायचं, त्यामुळे स्वस्त-महाग खुर्चीची भानगड नाही. नोव्हेंबरात मगरिब सहाच्या सुमारास होते. प्रयोगाची वेळ बघून निघालात तर नमाज चुकत नाही. मुलींनी तिघी-चौघींनी मिळून जा, एकीच्या घरचं मोठं माणूस सोबत न्या. एकदा अम्मीच नाटकाला येऊन गेली की पुढच्या वेळी परवानगी मागावी लागत नाही.

मुंबईबाहेरच्या वाचकांनो, जुहू तुमचं नाही, पण तुमच्या शहरातलं नाट्यगृह तुमचं आहे. हिवाळ्यात राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी कोल्हापूर, नाशिक, नागपूरसारख्या अनेक केंद्रांवर होते. तिकीट नाममात्र असतं. हौशी मंडळी दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करतात आणि तिथे येऊन उभी राहतात. त्यांचं नाटक फसलं तरी बघा. नाटक कसं बनतं ते फसलेल्या नाटकातून जास्त कळतं. पुण्यात शिकणाऱ्यांनी पुरुषोत्तम करंडकाचं नाव ऐकलं असेलच. तिथल्या एकांकिका कॉलेजातली मुलं स्वतः लिहितात, स्वतः करतात. तुमच्या कॉलेजच्या संघात लेखकाची जागा रिकामी असेल तर हात वर करा. आपल्या घरातली बोली कुणाला कळेल का, याची काळजी करू नका. ती कळते. मालवणी कळली, वऱ्हाडी कळली, तशीच कळेल.

त्या मुंब्र्याच्या मुलीला मी तिकिटाची किंमत कळवली. तिचं उत्तर दोन दिवसांनी आलं. "अब्बांना विचारलं. ते म्हणाले, आधी मी येऊन बघतो कसली जागा आहे." मी म्हटलं, उत्तम. दोन तिकिटं काढ.

या हंगामात तुम्ही जे बघाल, त्याबद्दल आम्हाला लिहा. मराठीत लिहा किंवा उर्दूत, चांगलं लिहा किंवा वाईट. आवडलं नसेल तर तेही लिहा. फक्त बघून लिहा.