डोरा म्हणणाऱ्या मुलाचे इंग्रजी

भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यात पहिलीच्या वर्गात येऊन बसणारे मूल घरून ‘पानी’ घेऊन येते, ‘पाणी’ नाही. त्याला ‘डोरा’ असतो, ‘डोळा’ नसतो. त्याच्या तोंडी ‘देस’ असतो. झाडीबोलीत ण, ळ आणि श हे उच्चार मुळातच नाहीत. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिले, तिचा शब्दकोश केला, तिला स्वतःचे नियम आहेत हे दाखवून दिले. तरीही शाळेच्या पहिल्याच आठवड्यात या मुलाला ऐकावे लागते, ‘नीट बोल.’

त्याच वर्गात, त्याच वर्षी इंग्रजीही येते. २००० सालापासून राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आपली जीभ वाकडी आहे हे नुकतेच कळलेल्या मुलासमोर आणखी एक भाषा उभी राहते आणि पुन्हा तेच ऐकू येते, ‘असं नाही, असं म्हण.’ घरात झाडी किंवा पोवारी, फळ्यावर प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि वर इंग्रजी. चार भाषांचे ओझे घेतलेले हे मूल मग सर्वांत सुरक्षित वाट धरते. सगळा वर्ग एका सुरात म्हणतो तेव्हा तेही म्हणते. एकट्याला उभे केले की गप्प राहते. दहावीपर्यंत ही गप्प राहण्याची सवय पक्की होते आणि पुढे नागपुरात मुलाखतीला बसल्यावर तीच आडवी येते.

इंग्रजी उच्चार शिकवू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. शिकवलेच पाहिजेत. पण कोणते शिकवायचे आणि कोणते सोडायचे, याचा विचार या जिल्ह्याच्या बोली समोर ठेवून व्हायला हवा.

पहिली गोष्ट. इंग्रजीत ळ नाही, ण नाही. ज्या दोन उच्चारांवरून या मुलाला सर्वांत जास्त टोचले जाते, त्यांची इंग्रजीला गरजच नाही. ‘डोरा’ म्हणणारे मूल इंग्रजीच्या दारात या बाबतीत कुणाहून उणे नाही. हे त्याला कुणी तरी मोठ्याने सांगितले पाहिजे.

श मात्र हवा. ‘सी’ म्हणजे समुद्र आणि ‘शी’ म्हणजे ती. ‘सीट’ बसायची आणि ‘शीट’ कागदाची. इथे स आणि श एक झाले तर अर्थ बदलतो. पण त्यासाठी रागावण्याचे कारण नाही, कारण तो आवाज मुलाच्या तोंडात आधीच आहे. वर्ग शांत करायला ओठांवर बोट ठेवून तेच मूल ‘शूऽऽ’ करते. तो आवाज धरायचा आणि शब्दात आणून बसवायचा, एवढेच शिक्षकाचे काम.

दुसरी अडचण झाडीची नाही, सगळ्या मराठीची आहे, आणि तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. शेवटच्या व्यंजनाआधीचा इकार-उकार आपण लांबवतो: मीठ, दूध, गरीब, फूल. शुद्धलेखनाचा नियमही तसाच आहे. तीच सवय इंग्रजीत शिरते आणि जहाजाची ‘शिप’ मेंढीची ‘शीप’ होते. बाटली ‘फुल’ भरली असे म्हणायचे असते, ऐकणाऱ्याला ‘फूल’ म्हणजे मूर्ख ऐकू येते. पुण्यातल्या मुलाचेही हेच होते आणि मोहाडीतल्याही. मग लाज एकट्या मोहाडीच्या मुलाने का वाहावी?

तिसरी गोष्ट प वरची. शब्दाच्या आरंभी इंग्रजी प बरोबर श्वासाचा झोत असतो, आपला प कोरडा असतो. त्यामुळे आपली ‘पिन’ इंग्रजाच्या कानाला ‘बिन’ वाटू शकते. कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरून ‘पिन’ म्हणायला लावावे. पट्टी हलली की जमले. मुलांना हा खेळ आवडतो आणि त्याला पैसा लागत नाही.

आणि आघात. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून १९६९ साली आर. के. बन्सल यांचा भारतीयांचे इंग्रजी परक्यांना कितपत समजते यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. न समजण्याच्या मोठ्या कारणांत त्यांना शब्दावरचा चुकीचा आघात आढळला. मराठीत आपण अक्षरे जवळजवळ सारख्याच वजनाने म्हणतो. इंग्रजी शब्दात एक अक्षर उचलले जाते, बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर फो वर, ‘फोटोग्राफर’मध्ये टो वर. आपण रोज वापरतो त्या ‘हॉटेल’मध्ये जोर टे वर असतो, ‘इंजिनिअर’मध्ये अगदी शेवटी. गाईडमध्ये इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत लिहिलेला उच्चार यातले काहीच दाखवत नाही. तो वाचून मूल शब्द मराठीसारखा सपाट म्हणते, आणि ती चूक छापील असल्यामुळे शिक्षकही तिला हात लावत नाहीत. ही छापील कुबडी आधी काढून घ्यावी. उच्चार कानाने शिकायचा असतो. आज जवळपास प्रत्येक शिक्षकाच्या खिशात मोबाइल आहे. शब्द ऐकवावा, जोराच्या अक्षरावर टाळी वाजवून घ्यावी, मग मुलाला म्हणू द्यावे.

आघात म्हणजे काय, हे या मुलखाला परके नाही. दिवाळीनंतर झाडीपट्टीत रात्रभर नाटके चालतात. मंडपातल्या शेवटच्या माणसापर्यंत वाक्य पोहोचवायचे तर कुठला शब्द उचलायचा आणि कुठला सोडायचा, हे तिथल्या नटाला पक्के ठाऊक असते. ती नाटके आईच्या मांडीवर बसून पाहिलेली मुले आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या कानाला काही कळत नाही, असे समजून शिकवणे हा अन्याय आहे.

काही गोष्टी सोडूनही द्याव्यात. टी-एच चा उच्चार जिभेचे टोक दातांत धरून काढायला लावण्यात तासच्या तास घालवू नयेत. ब्रिटनच्या जेनिफर जेन्किन्स यांनी २००० साली आपल्या पुस्तकात हेच मांडले: ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा माणसांच्या आपसातल्या बोलण्यात त्या उच्चारावाचून अडत नाही, स्वरांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि प-ट-क वरचा श्वास यांवाचून मात्र अडते. आपली मुले पुढे इंग्रजी बोलणार ती बहुतेक तमिळ, बंगाली, मल्याळी माणसांशी. लंडनच्या माणसाची नक्कल त्यांना कशाला हवी?

भंडाऱ्याच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला आमची विनंती आहे. झाडी आणि पोवारी बोलणाऱ्या मुलांसाठी इंग्रजी उच्चारांचा एक साधा तक्ता करावा: कोणते आवाज मुलाकडे आहेत, कोणते नवे आहेत, कोणते चुकले तरी चालतील. तो या मुलखाच्या शिक्षकांनीच करावा, बाहेरून आणू नये. सातही तालुक्यांत ही बोली जाणणारे शिक्षक आहेत. त्यांतले कित्येक स्वतः तीच बोलत मोठे झाले आणि लहानपणी त्यांनाही कुणी तरी ‘नीट बोल’ म्हटले आहे. केंद्राच्या शिक्षण परिषदेत यावर एक तास दिला तरी आरंभ होईल.

आणि शिक्षकांनो, जूनअखेर शाळा उघडेल तेव्हा पहिलीतले एखादे मूल हात वर करून ‘पानी’ मागेल. त्याला आधी पाणी पिऊ द्या. शब्द दुरुस्त करू नका. त्या दिवशी नाही, आणि इंग्रजीसाठी तर कधीच नाही.