अस्थानी

उत्तरपत्रिकांवर ‘अस्थानी’ हा शेरा मी वीस वर्षे तांबड्या शाईने लिहीत आलो आहे. मम्मटाने काव्यदोषांत ‘अस्थानस्थपद’ सांगितले आहे, म्हणजे भलत्या जागी पडलेला शब्द. हाच शब्द एके दिवशी माझे हातपाय गाळील, असे मात्र कधी वाटले नव्हते.

गेल्या दिवाळीला लातूरची भाची नांदेडला माझ्याकडे आली होती. पाळी चुकून तीन आठवडे झाले होते, घरात आनंद होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे तिच्या पोटात कळ आली. आम्ही फराळावर खापर फोडले आणि ओवा दिला. (घरोघरी वैद्य असतोच, आमच्या घरी तो मी!) घटकाभराने ती म्हणाली, “मामा, खांदा दुखायलाय,” आणि दारातच कोसळली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली, मिनिटभर सोनोग्राफी केली. “गर्भ पिशवीत नाही, नळीत आहे. नळी फुटलीय. अस्थानी गर्भधारणा.” बाहेर रक्ताचा जेमतेम डाग, सारे पोटात साचलेले. ते श्वासपटलाला लागले की दुखणे खांद्यात जाणवते, हे मला मागाहून कळले.

इतक्यात लातूरहून व्याह्यांचा फोन आला. “तिथं काही करू नका, आमच्या डॉक्टरकडं घेऊन या.”

मी बाईंकडे पाहिले. “लातूर कुठलं? लोहासुद्धा गाठेल असं मी म्हणणार नाही,” त्या म्हणाल्या. “नुसतं रक्त चढवत बसण्यातही अर्थ नाही. फुटक्या घागरीत किती ओतणार?”

मी सही केली. ती सही आज मलाच ओळखता येणार नाही.

बर्मिंगहॅमच्या लॉसन टेटने १८८३ साली अशी शस्त्रक्रिया प्रथम केली, तेव्हा ती बाई दगावली. मग इतर खटाटोप सोडून आधी रक्तवाहिन्या बांधायच्या, असे त्याने ठरवले आणि त्याच वर्षी दुसरीला वाचवले. आमच्या बाईंनीही तेच केले. पोट उघडून नळीच्या बुडाशी चिमटा लावला, रक्त थांबवले, मग फुटकी नळी काढली. रक्ताच्या चार पिशव्या लागल्या. त्यांतल्या दोन माझ्या विद्यार्थ्यांच्या बदली रक्तदानाने मिळाल्या. त्यांतल्या एकाच्या निबंधावर मी हाच शेरा मारला होता!

भाऊबीजेला अक्का लातूरहून आली. वॉर्डात निरांजन लावू देईनात, तेव्हा तिने नुसत्या सुपारीने ओवाळले. भाचीने हळूच विचारले, “मामा, आता मूल?” उत्तर बाईंनी दिले. दुसरी नळी चांगली आहे; मात्र पुढल्या खेपेला पाळी चुकताच यायचे, सहाव्या-सातव्या आठवड्यात गर्भ कुठे आहे ते पाहून घ्यायचे.

व्याही अजून माझ्याशी मोजकेच बोलतात.