जागर देवीचा, विसावा सारथ्याचा

घटस्थापनेपासून विजयादशमीपर्यंतचे दिवस म्हणजे महाराष्ट्राच्या घराघरांतील जागराचे दिवस. घट बसतात, नंदादीप तेवतो, माळेवर माळ चढते. आणि याच दिवसांत गावोगावच्या वेशीवरून देवदर्शनाच्या बसगाड्या निघतात. आमच्या पारनेर तालुक्यातून मोहटादेवीच्या दर्शनाला महिलांना बसने नेण्याची प्रथा अलीकडच्या वर्षांत चांगलीच रुजली आहे. निघोजच्या मळगंगेला अथवा कोरठणच्या खंडोबाला बैलगाडी जुंपून जाणाऱ्या घराण्यांतील नव्या पिढीला आता साडेतीन शक्तिपीठे एका फेरीत घडावीत असे वाटते. ही सोय झाली याचा आम्हांस आनंदच आहे. तथापि या साऱ्या सोयीचा भार ज्या एका मनुष्याच्या डोळ्यांवर आहे, त्याच्या झोपेचा उल्लेख यात्रेच्या पत्रिकेत कोठेही नसतो. दर्शन किती वाजता, आरती कोणती, महाप्रसाद कोठे, हे सर्व छापलेले असते. चालकाने कोठे व किती वेळ निजावे, हे तेवढे छापलेले नसते.

हा विषय उत्सवाच्या पानावर घेण्याचे कारण आहे. २०२३ साली घटस्थापना १५ ऑक्टोबरला होती. त्याच दिवशी, मध्यरात्र नुकतीच उलटलेली असताना, समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानीबाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची गाडी एका कंटेनरवर आदळली आणि बारा जण मृत्यू पावले. त्याच वर्षी १३ जानेवारीला ठाणे जिल्ह्यातून शिर्डीस निघालेल्या बसचा सिन्नर–शिर्डी रस्त्यावर पाथरेजवळ सकाळच्या वेळी अपघात होऊन दहा जण गेले. २०२४ च्या आषाढी एकादशीला दोन दिवस उरले असता डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेली बस मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर रात्री ट्रॅक्टरला धडकून दरीत गेली. पाच जण दगावले. २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्र्यंबकेश्वराहून द्वारकेला जाणारी यात्रेकरूंची बस सापुताऱ्याच्या घाटात पहाटे चारच्या सुमारास कोसळली. तेथेही पाच जण मृत्युमुखी पडले.

या प्रत्येक अपघाताचे कारण चालकाची झोप हेच होते, असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. प्रत्येकाची कारणे निराळी असतात व ती शोधणे तपासाचे काम आहे. परंतु यांतील घड्याळाच्या वेळा पाहाव्यात. मध्यरात्र, उत्तररात्र, पहाट. ज्या प्रहरी घरचे कर्ते माणूसही गाढ निजलेले असते, त्या प्रहरी आमच्या यात्रा रस्त्यावर असतात.

कायद्याने सणाचेही नाव घेतले होते

बसचालकाच्या कामाला व विश्रांतीला या देशात माप नाही, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने हे माप घालून दिले होते. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम. सलग पाच तास काम झाले की किमान अर्धा तास विश्रांती. मधल्या विश्रांतीसह दिवसाच्या कामाचा एकूण पल्ला बारा तासांपलीकडे जाऊ नये. एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची मोकळीक. आणि भाविकांनी विशेष लक्षात घ्यावे असे की, या कायद्यात सणउत्सवांचा स्पष्ट उल्लेख होता. लांब पल्ल्याचे मार्ग व सणासुदीचे प्रसंग अधिसूचित करून, अधिकाऱ्याच्या मान्यतेने, आठ तासांची मर्यादा वाढविता येत असे. पण ती दिवसाला दहा व आठवड्याला चोपन्न तासांपर्यंतच. म्हणजे देवाच्या कार्यासाठी कायद्याने दोन तासांची सवलत दिली होती. संपूर्ण रात्र दिली नव्हती.

हा कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दिवसाला आठ तास हे मूळ माप तिने राखले; मात्र मधली विश्रांती किती व कामाचा पल्ला किती, हे ठरविणे सरकारच्या अधिसूचनेवर सोपविले. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. जुन्या कायद्याची कक्षा पाच कामगारांच्या व्यवसायापासून सुरू होई. नव्या संहितेत ती दहांपासून सुरू होते. आता आमच्या भागातील यात्रेच्या गाड्या कोणाच्या असतात ते पाहावे. दोन किंवा तीन बसगाड्यांचा मालक, तोच कधी चालक, जोडीला एखाददुसरा ड्रायव्हर व क्लीनर. म्हणजे ज्या गाडीत आपली आई व लेकरे बसतात, नेमकी तीच गाडी कामगार कायद्याच्या कुंपणाबाहेर उभी राहण्याचा संभव अधिक. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमाने वाहतुकीचे वाहन चालविणाऱ्यास त्या १९६१ च्या कायद्याचेच तास लावून दिले होते हे खरे; पण ज्याच्या घरी हजेरीपटच नाही, त्याच्या चालकाचे तास मोजणार कोण?

आमच्या मते खरी उणीव याहूनही खोल आहे. कायदा मालकाला जबाबदार धरतो. परंतु यात्रेचे वेळापत्रक मालक ठरवीत नाही, ते ठरवितो यात्रा काढणारा. मंडळाचा अध्यक्ष, भिशीच्या प्रमुख बाई, गावचा पुढारी, अथवा आपल्यापैकीच कोणी उत्साही गृहस्थ. कायद्याच्या भाषेत या माणसाला नाव नाही. आणि चालकाची झोप हिरावली जाते ती त्याच्याच कागदावर.

वेळापत्रकाचे गणित

साडेतीन पीठांचेच उदाहरण घेऊ. कोल्हापूरची महालक्ष्मी दक्षिणेस, तुळजापूरची भवानी मराठवाड्यात, माहूरची रेणुका नांदेड जिल्ह्याच्या टोकाला, वणीची सप्तशृंगी नाशिकच्या डोंगरात. कोल्हापूर ते माहूर हेच अंतर सहाशे किलोमीटरांच्या घरात जाते. घाट, गावे, वर्दळ धरून ताशी पन्नासची चाल पडली तरी नुसते चाकावरचे बारा तास होतात. सणाच्या सवलतीचे दहाही त्यांना पुरत नाहीत. तरीसुद्धा दोन रात्री व तीन दिवसांत चारही स्थाने, अशा जाहिराती निघतात, आणि आपण त्या स्वस्त म्हणून स्वीकारतो. स्वस्त कशामुळे झाल्या, तर मुक्कामाचा खर्च वाचल्यामुळे. रात्र रस्त्यावर काढली की धर्मशाळेचे भाडे वाचते. पण ते चालकाच्या डोळ्यांतून वसूल झालेले असते.

गाडी रात्री नऊला सुटते असे समजू. चालक त्या दिवशी सकाळी सहाला उठलेला असेल, तर रात्री अकराला त्याला जागून सतरा तास होतात. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या संशोधनात असे आढळले की, सतरा तास सलग जागलेल्या माणसाची कार्यक्षमता, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी मंदावते. आपल्या कायद्यात वाहन चालविणाऱ्यास ०.०३ टक्क्यांची मर्यादा आहे. मद्य घेतलेल्या चालकाच्या गाडीत आपण पाऊल ठेवणार नाही. मात्र सतरा तास जागलेल्याच्या गाडीत नारळ फोडून, जयजयकार करून बसतो. रात्री दोन ते पहाटे पाच हा शरीराच्या सर्वाधिक ग्लानीचा काळ. या वेळी डोळे उघडे असतानाही चार सेकंदांची डुलकी लागू शकते, आणि ताशी ऐंशीच्या वेगाने गाडी तेवढ्यात सुमारे नव्वद मीटर निघून जाते. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली भक्तिगीते यांनी झोप फार तर लांबते, फिटत नाही. झोपेचे ऋण झोपेनेच फिटते.

कोणी म्हणेल, आपण दर्शनाच्या रांगेत चार तास उभे असतो, तेव्हा चालक मोकळाच असतो. हा मोठा गैरसमज आहे. त्या वेळी तो वाहनतळावर जागा शोधतो, सामानावर नजर ठेवतो, काच पुसतो, उन्हात तापलेल्या टपाखाली बसून फोनची वाट पाहतो. गाडी उभी असली म्हणजे चालक निजला असे होत नाही. युरोपात या प्रश्नाचा बारकाईने विचार झाला आहे. तेथे साडेचार तास गाडी चालविल्यावर पाऊण तासाचा विसावा सक्तीचा आहे, आणि दिवसाला सामान्यतः नऊ तासांहून अधिक चालविता येत नाही. सहलीच्या बसचे थांबे प्रवाशांच्या सोयीने पडतात, म्हणून मे २०२४ पासून सहलीच्या चालकांना हा पाऊण तास दोन भागांत, प्रत्येकी किमान पंधरा मिनिटांचा, विभागून घेण्याची मुभा मिळाली. विभागणी बदलली; पाऊण तास कमी केला नाही. आपणही प्रवाशांची सोय पाहावी, पण विश्रांतीचे माप घटवू नये, एवढाच बोध त्यातून घ्यावा.

श्रीकृष्णाने घोडे सोडले

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. महाभारताच्या द्रोणपर्वातील चौदाव्या दिवसाचे युद्ध आठवावे. सूर्यास्तापूर्वी जयद्रथाचा वध करीन, अन्यथा अग्निप्रवेश करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. एकेक घटका मोलाची. आणि नेमक्या त्या दिवशी, शत्रुसैन्याच्या मध्यावर, घोडे थकले हे पाहून सारथी श्रीकृष्ण रथ थांबवितो. अर्जुन भूमीतून पाणी काढतो, बाणांचा आडोसा रचतो आणि एकटा पायउतार होऊन शत्रूला थोपवून धरतो. भगवान स्वहस्ते घोड्यांच्या अंगातील बाण उपटतात, त्यांना पाणी पाजतात, धुतात, चारा देतात व मगच पुन्हा जुंपतात. प्रतिज्ञा मोडली नाही. सूर्यास्तापूर्वीच पुरी झाली. ज्याला प्राणांतिक घाई होती त्याने विसाव्यासाठी वेळ काढला, आणि आपल्याला काकडआरती चुकेल एवढीच काय ती भीती! गीतेच्या सहाव्या अध्यायातही निद्रा व जागृती यांचे माप राखणाऱ्यालाच योग दुःखहारक होतो, असे सांगितले आहे. पंढरीच्या वारीत पालखीचा विसावा व मुक्काम ठरलेला असतो, तो याच शहाणपणाने. जागर हा भक्ताचा धर्म खरा. सारथ्याचा धर्म सावध राहण्याचा, आणि सावध राहण्यासाठी आधी निजावे लागते.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्यास धावली, ती आमच्याच तालुक्यातील सुप्यावरून. पुढे खेड्यापाड्यांत मुक्कामी गाडी ही संस्था रूढ झाली. गाडी रात्री गावात थांबे, चालक व वाहक तेथेच निजत, आणि पहाटे ताज्या डोळ्यांनी गाडी निघे. हीच रीत यात्रेला लावणे अशक्य नाही.

गृहस्थांनी गाडी ठरविताना भाड्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. चालक आदल्या दिवशी कोठे होता? रात्रीचा प्रवास असेल तर दुसरा चालक आहे काय, आणि त्याला आडवे होण्यास जागा आहे काय? प्रत्येक मुक्कामी चालकासाठी खाट धरली आहे काय? दुसऱ्या चालकाचा भत्ता चाळीस प्रवाशांत वाटला तर तो प्रत्येकी ओटीच्या साहित्याहून फारसा अधिक होत नाही. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत गाडी उभी राहील, असा नेम पत्रिकेतच छापावा. उशीर झाला तर एक देवस्थान पुढच्या वर्षावर टाकावे, चालकाची झोप टाकू नये. देवस्थानांच्या विश्वस्तांनीही वाहनतळाशेजारी चालकांसाठी पंखा, पाणी व शांतता असलेली एक खोली बांधावी. अन्नदानाइतकेच ते पुण्यकर्म होईल. आणि सरकारने विश्रांतीच्या वेळा ठरविताना लहान मालकाची गाडी व यात्रा काढणारा आयोजक, या दोघांनाही कक्षेत घ्यावे.

आई जगदंबा आपल्या लेकरांची वाट पाहते ती ती सुखरूप यावीत म्हणून. ती दोन घटका उशिरा आली तर रागावणार नाही. यंदाची यात्रा ठरविताना पत्रिकेच्या पहिल्या ओळीत देवीचे नाव लिहावे, आणि दुसऱ्या ओळीत चालकाच्या विसाव्याची वेळ.