जस्ताचा हिशेब कोणी ठेवायचा?

हंगामाच्या तोंडावर मंचरच्या बाजारपेठेतून खतांच्या गोण्यांबरोबर झिंक सल्फेटच्या पिशव्याही शेतावर जातात. कांदा, बटाटा, टोमॅटो ही या भागातील नगदी पिके कर्ज अंगावर घेऊन उभी केलेली असतात. पान जरा पिवळे पडले की धास्तावलेला शेतकरी दुकानाची पायरी चढतो. आणि तेथे सल्ला देणारा व माल विकणारा एकच असतो.

पिकाला जस्त हवेच, याविषयी वाद नाही. भाताचा खैरा रोग जस्ताच्या अभावाने होतो, हे डॉ. य. ल. नेने यांनी १९६० च्या दशकात पंतनगर येथे दाखवून दिले. महाराष्ट्रातील पुष्कळ जमिनींत आजही ही उणीव आहे. मातीच्या दहा लाख भागांत उपलब्ध जस्त ०.६ भागाहून कमी भरले, तर हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट द्यावे आणि त्यावर दोन-तीन हंगाम निभावावे, असा शास्त्राचा साधा हिशेब आहे.

हा हिशेब सुटला की औषधाचे विष होते. जादा जस्ताने मुळे खुंटतात. लोहाचे शोषण अडते. हरितद्रव्यातील मॅग्नेशियमची जागा जस्त बळकावते, हवेतील कर्बवायू बांधणारे विकर मंदावते आणि प्रकाशसंश्लेषणच ढासळते. कोवळी पाने पिवळी पडतात. खरा घात येथेच आहे: पान उणिवेनेही पिवळे पडते आणि अतिरेकानेही. चाचणीवाचून शेतकरी रोगालाच औषध समजून पुन्हा पिशवी आणतो. करप्यावर फवारल्या जाणाऱ्या मँकोझेबमध्येही जस्त असते, हे त्याला कोणी सांगत नाही. नत्र पाण्याबरोबर वाहून जाते. जस्त मातीतच साचत राहते. चुनखडीच्या काळ्या जमिनीत ते बरेचसे बांधले जाते. आम्लधर्मी तांबड्या जमिनीत मात्र मुळांना लवकर बाधते.

२०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना आली. तिच्या बारा कसोट्यांत जस्तही आहे. परंतु पत्रिका हाती देणे म्हणजे ती समजावून देणे नव्हे. पेरणीपूर्वी माती तपासली जावी, तिचा अहवाल ग्रामसभेत वाचला जावा आणि विक्रीशी संबंध नसलेल्या सरकारी कृषिसेवकाने मात्रा सांगावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी गावोगाव लावून धरली पाहिजे. कसेल त्याची जमीन, असे म्हणणाऱ्या चळवळीला जमिनीच्या प्रकृतीचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीवर सोडता येणार नाही.